उलाढाल, ओपन इंटरेस्ट आणि उद्याचा भाव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. दिवसभरात किती वायद्यांची, म्हणजे पुढील ठरावीक तारखेला आज ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याच्या करारांची, खरेदी-विक्री झाली (उलाढाल) आणि दिवसअखेर किती करार खुले राहिले (ओपन इंटरेस्ट), या दोन आकड्यांवरून पुढचा भाव सांगता येतो का, असे वाचकांनी विचारले आहे. पत्रे वेगवेगळ्या तयारीच्या वाचकांची आहेत. म्हणून पायाभूत प्रश्न आधी घेतला आहे आणि ज्या प्रश्नात खरी गुंतागुंत आहे, त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : एका वायद्याची दिवसाची उलाढाल ८०,००० करारांची होती, पण ओपन इंटरेस्ट मात्र ३,००० नेच वाढला. उरलेले ७७,००० करार गेले कुठे?

उत्तर : ते कुठेही गेलेले नाहीत. गोंधळ होतो तो दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात हे लक्षात न राहिल्यामुळे. उलाढाल म्हणजे ठरावीक वेळात किती करारांचे व्यवहार झाले याची मोजणी. ती रोज शून्यापासून सुरू होते. ओपन इंटरेस्ट म्हणजे आजवर निर्माण झालेल्या करारांपैकी जे उलट व्यवहाराने मिटलेले नाहीत आणि ज्यांची पूर्तताही झालेली नाही, अशा करारांची संख्या. ती कालच्या आकड्यावरून पुढे चालते. हिशेबाच्या भाषेत पहिला आकडा रोजकीर्दीतला आहे आणि दुसरा अखेरच्या शिल्लकेचा.

छोटे उदाहरण घेऊ. क या व्यक्तीने ख या व्यक्तीकडून एक करार घेतला आणि दोघेही बाजारात नव्याने आलेले आहेत, असे धरा. उलाढाल १ झाली आणि ओपन इंटरेस्टही १ झाला. पुढे क ने आपला करार ग या नव्या खरेदीदाराला विकला. उलाढाल २ झाली, पण ओपन इंटरेस्ट १ च राहिला, कारण खरेदीदाराच्या जागी फक्त माणूस बदलला. मग मूळ विक्रेता ख याने घ या नव्या विक्रेत्याकडून खरेदी करून आपली बाजू मोकळी केली. उलाढाल ३, ओपन इंटरेस्ट अजूनही १. अखेरीस ग ने विकले आणि घ ने घेतले. उलाढाल ४ झाली, दोघेही मोकळे झाले आणि ओपन इंटरेस्ट शून्यावर आला. दिवसभरात चार व्यवहार झाले आणि मागे काहीही शिल्लक राहिले नाही.

आता आपल्या आकड्यांकडे वळू. दोन्ही बाजूंना नवे लोक असलेल्या व्यवहारांनी ओपन इंटरेस्ट वाढतो, दोन्ही बाजूंना जुने लोक बाहेर पडणाऱ्या व्यवहारांनी तो घटतो आणि एक नवा व एक जुना असेल तर तो जागचा हलत नाही. ३,००० ही पहिल्या दोन प्रकारांमधील वजाबाकी आहे. त्या दिवशी केवळ ३,००० नवे करार निर्माण झाले आणि बाकी सारे हस्तांतरण झाले, असेही घडलेले असू शकते. किंवा ४१,५०० नवे करार निर्माण झाले आणि ३८,५०० जुने मिटले, असेही. दोन्ही दिवस बाहेरून तंतोतंत सारखे दिसतात, पण आतून ते अगदी निराळे आहेत. या आकड्यांतून भविष्य वाचू पाहणाऱ्याने ही मर्यादा पहिल्याच दिवशी समजून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते, कारण पुढच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात.

प्रश्न : भाव आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही चढत असतील तर तेजी बळकट; भाव चढत असून ओपन इंटरेस्ट घटत असेल तर तेजी पोकळ; भाव उतरत असून ओपन इंटरेस्ट वाढत असेल तर मंदी बळकट; आणि दोन्ही उतरत असतील तर मंदी संपत आली, असा चार ओळींचा तक्ता मी दोन वर्षे वापरतो आहे. एका धान्याच्या वायद्यात कापणीच्या दिवसांत भाव उतरत होता आणि ओपन इंटरेस्ट वाढत होता. तक्त्याप्रमाणे मी विक्री केली, पण काही आठवड्यांत भाव फिरला आणि मोठा तोटा झाला. तक्ता चुकीचा आहे का?

उत्तर : आपल्या तोट्याबद्दल वाईट वाटले, आणि म्हणूनच हे उत्तर सविस्तर देतो. तक्ता अपुरा आहे आणि ज्या प्रसंगी आपण तो वापरला, त्या प्रसंगी तो सर्वांत अपुरा असतो.

त्यामागचा तर्क आधी पाहू, कारण तो निराधार नाही. भाव चढला आणि ओपन इंटरेस्ट घटला, याचा अर्थ जितके जुने विक्रेते बाहेर पडले तितकेच जुने खरेदीदारही बाहेर पडले, आणि भाव वर गेला म्हणजे त्यांतील विक्रेत्यांना अधिक घाई होती. अशी तेजी विक्रेत्यांच्या सुटकेवर चालते. सुटका पूर्ण झाली की तिला पुढे नेणारे कोणी उरत नाही. यालाच बाजारात शॉर्ट कव्हरिंग म्हणतात. थोडक्यात, घाई कोणाला होती हे भाव सांगतो आणि नवे लोक आले की जुने गेले हे ओपन इंटरेस्ट सांगतो. मात्र ओपन इंटरेस्ट वाढला म्हणजे खरेदीदार वाढले, असे जे सर्रास म्हटले जाते ते अर्धसत्य आहे. प्रत्येक खुल्या कराराला एक खरेदीदार आणि एक विक्रेता असतोच. आकडा वाढला की दोघेही सारख्याच संख्येने वाढतात.

तर्क मोडतो तो नवे विक्रेते कशासाठी आले हे न विचारल्यामुळे. कापणीच्या हंगामात व्यापारी आणि गोदामवाले शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष धान्य विकत घेतात आणि साठा हातात असेपर्यंत भाव पडण्याचा धोका नको म्हणून तेवढेच वायदे विकतात. हे हेजिंग आहे. या विक्रेत्याला भाव पडेल असे वाटत असेलच असे नाही. त्याला फक्त आपला साठा सुरक्षित करायचा असतो. हंगामात पुरवठा वाढल्याने भाव उतरतो आणि त्याच दिवसांत हेजिंगमुळे ओपन इंटरेस्ट चढतो, आणि तक्ता त्याला बळकट मंदी असे नाव देतो. ही वाढ दरवर्षी त्याच सुमारास येत असल्याने ती बातमी नव्हेच. म्हणून शेतमालाच्या वायद्यात आजचा ओपन इंटरेस्ट कालच्याशी ताडून पाहणे पुरेसे नसते; मागील पाच-सहा वर्षांत याच आठवड्यात तो सरासरी किती बदलत असे ते काढावे, आणि त्या सरासरीपेक्षा जेवढा फरक उरेल तेवढ्यालाच अर्थ द्यावा.

इतर प्रकारच्या बाजारांतही हीच अडचण निराळ्या वेषात येते. शेअर निर्देशांकाच्या वायद्यात एखादी संस्था शेअर विकत घेते आणि त्याच वेळी वायदा विकते. दोन्ही भावांतील अंतर हाच तिचा नफा असतो. कोणी जवळच्या महिन्याचा करार विकून दूरच्या महिन्याचा घेतो. अशा व्यवहारांनी ओपन इंटरेस्ट वाढतो, पण भाव कोणत्या दिशेला जाईल याविषयी त्यांतील कोणाचेच काही म्हणणे नसते. शिवाय मुदत संपत आली की जवळच्या महिन्यातील करार मिटवून पुढच्या महिन्यात नवे केले जातात. केवळ एका महिन्याचा आकडा पाहणाऱ्याला त्या दिवसांत ओपन इंटरेस्ट कोसळताना दिसतो आणि दुसऱ्या महिन्याचा पाहणाऱ्याला तो उसळताना दिसतो. सर्व महिन्यांची बेरीज पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तक्त्याची चौथी ओळ मला सर्वांत धोकादायक वाटते. १९७९ च्या उत्तरार्धात अमेरिकेतील हंट बंधूंच्या प्रचंड खरेदीने चांदीचा भाव जानेवारी १९८० मध्ये औंसाला सुमारे ५० डॉलरवर पोहोचला. २१ जानेवारी रोजी न्यूयॉर्कच्या कॉमेक्स बाजाराने चांदीत केवळ जुने करार मिटवण्याचे व्यवहार करता येतील, नवे नाहीत, असा आदेश काढला. म्हणजे त्या दिवसापासून तेथे ओपन इंटरेस्ट फक्त घटूच शकत होता. भावही घसरू लागला. तक्त्याप्रमाणे ही मंदी थकत आलेली, लवकरच थांबणारी होती. प्रत्यक्षात २७ मार्चपर्यंत भाव औंसाला ११ डॉलरच्या आसपास आला. खरेदीदारांना बाहेर पडणे भाग असते आणि नव्याने आत येणारा कोणी नसतो, तेव्हा ओपन इंटरेस्टची घट मंदीचा थकवा दाखवत नाही. ती मंदीचे कारणच असते.

मग उपयोग कुठे आहे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे, कोणाच्या बाजूला किती करार आहेत हे जिथे जाहीर होते, तिथे ओपन इंटरेस्टचे विभाजन पाहावे. अमेरिकेत कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशन ही नियामक संस्था मंगळवारअखेरची स्थिती दर शुक्रवारी जाहीर करते, आणि तीत प्रत्यक्ष मालाशी संबंध असलेले व्यापारी, मोठे सट्टेवाले आणि लहान सहभागी असे गट वेगळे दाखवलेले असतात. आपल्या कापणीच्या उदाहरणात नवी विक्री पहिल्या गटाची आहे हे अशा तक्त्यातून दिसले असते. ही माहिती तीन दिवस जुनी असते हे ध्यानात ठेवावे. पण ज्याला आठवडे-महिने सौदा धरून ठेवायचा आहे, त्याला तो विलंब फारसा आड येत नाही.

दुसरा उपयोग म्हणजे बाजारातील गर्दी ओळखणे. दीर्घ तेजीच्या अखेरीस ओपन इंटरेस्ट त्या हंगामाच्या सरासरीहून फार वर असेल, तर बऱ्याच खरेदीदारांचे करार शिखराजवळच्या भावाचे असतात. त्यांच्यापाशी नफ्याची उशी नसते. भाव थोडा उतरला तरी त्यांच्याकडे मार्जिनची, म्हणजे करार टिकवण्यासाठी दलालाकडे ठेवायच्या अनामत रकमेची, मागणी सुरू होते, ती न भरता आल्यास दलाल त्यांचे करार विकतो आणि त्या विक्रीने भाव आणखी उतरतो. आता असे घडेलच असे ओपन इंटरेस्ट सांगत नाही. घडले तर घसरण किती वेगाची असू शकेल एवढे तो सांगतो. याला एक महत्त्वाची पुरवणी आहे. हेंड्रिक बेसेम्बाइंडर आणि पॉल सेगिन यांनी १९९३ मध्ये आठ वायदा बाजारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचा, अपेक्षित ओपन इंटरेस्ट मोठा असतो तेव्हा भावाची चंचलता कमी असते आणि अनपेक्षित उलाढाल चंचलता वाढवते, असे त्यांना आढळले. म्हणजे मोठा आकडा स्वतःहून भीतीचा नाही. त्या बाजाराच्या सवयीपासून झालेली फारकत पाहायची असते.

दिशेच्या भाकिताला अनुकूल असा एक निष्कर्षही सांगितला पाहिजे. हॅरिसन हाँग आणि मोटोहिरो योगो यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की एकूण वस्तू-वायदे बाजारातील ओपन इंटरेस्टच्या वाढीवरून वस्तूंच्या पुढील काळातील परताव्याचा काही अंदाज येतो आणि ही माहिती मागील भावांतून मिळणाऱ्या माहितीपेक्षा अधिक असते. त्यांचे स्पष्टीकरण असे की आर्थिक हालचाल वाढणार असे दिसू लागले की उत्पादक आणि वापर करणारे दोघेही अधिक हेजिंग करतात. भाव मात्र एका बाजूच्या खरेदीने व दुसऱ्या बाजूच्या विक्रीने जागीच दाबला जातो. परंतु त्यांनी अनेक वस्तूंची बेरीज आणि वर्षभरातील वाढ पाहिली होती. एका वायद्याच्या एका दिवसाच्या आकड्याला हा निष्कर्ष लावता येत नाही.

प्रश्न : उलाढाल भावाच्या आधी हलते, असे नेहमी ऐकतो. हे खरे आहे का?

उत्तर : एका मर्यादित अर्थाने. जोनाथन कार्पॉफ यांनी १९८७ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा सर्वांत ठामपणे दिसलेली गोष्ट ही होती की मोठी उलाढाल आणि भावातील मोठा बदल, मग तो वरचा असो वा खालचा, एकत्र येतात. एकत्र येतात, एक आधी आणि दुसरा नंतर, असे नव्हे. दिशेविषयीचा एक पुरावा शेअर बाजारातून मिळतो. सायमन जर्वे, रॉन कनियल आणि डॅन मिंगेलग्रिन यांनी २००१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातील शेअरचा अभ्यास मांडला. एखाद्या दिवशी किंवा आठवड्यात स्वतःच्या नेहमीच्या पातळीहून फार जास्त उलाढाल झालेल्या शेअरनी पुढील महिन्याभरात सरासरीने अधिक परतावा दिला, असे त्यात आढळले. लक्ष वेधले गेल्याने नवे खरेदीदार येतात, हे त्यांचे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते. मात्र ही शेकडो शेअरची सरासरी आहे. त्यावरून एकाच शेअरचे भाकीत करू नये.

मोठी उलाढाल म्हणजे बाजारात भरपूर खरेदीदार आहेत, ही समजूत मात्र सोडून द्यावी. ६ मे २०१० रोजी अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला, त्याचा अहवाल तेथील दोन नियामक संस्थांनी मिळून प्रसिद्ध केला. त्या दिवशी एका मोठ्या विक्रेत्याने निर्देशांकाचे ७५,००० वायदे विकण्याचे काम संगणकावर सोपवले होते आणि मागील मिनिटाच्या उलाढालीच्या ९ टक्के इतकी विक्री करत राहावे, भाव व वेळ पाहू नये, अशी सूचना दिली होती. अहवालानुसार दुपारी २ वाजून ४५ मिनिटांनी, अवघ्या १४ सेकंदांत, अतिवेगवान व्यवहार करणाऱ्या संगणकांनी २७,००० हून अधिक करारांचे व्यवहार आपसांत व इतरांशी केले, जे त्या वेळच्या एकूण उलाढालीच्या सुमारे ४९ टक्के होते. आणि इतके करूनही त्यांची निव्वळ खरेदी केवळ २०० करारांची होती. तेच करार हातोहात फिरत होते, उलाढाल फुगत होती आणि उलाढाल फुगली म्हणून विक्रीचे काम अधिक वेगाने पुढे सरकत होते. पहिल्या उत्तरातील क, ख, ग, घ यांची गोष्ट इथे हजारोंच्या संख्येत घडली.

आकडाच खोटा असण्याची शक्यताही असते. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकी शेअर नियामकापुढे केलेल्या सादरीकरणात बिटकॉइनच्या जाहीर होणाऱ्या उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के उलाढाल बनावट असल्याचा दावा केला होता. जिथे मोजणारा आणि लाभ घेणारा एकच आहे, तिथे उलाढालीवर आधारलेला कोणताही निर्देशक वापरू नये.

प्रश्न : परकीय चलनाच्या आलेखाखाली उलाढालीचे दांडे दिसतात. ते वापरावेत का?

उत्तर : हाजीर, म्हणजे लगेच देण्या-घेण्याच्या, चलनबाजाराला एक मध्यवर्ती बाजारपेठ नाही, व्यवहार बँका आणि दलाल यांच्यात थेट होतात. त्यामुळे ते दांडे बहुधा आपल्या दलालाकडील भाव किती वेळा बदलला याची मोजणी असतात. बाजारात किती हालचाल आहे एवढे त्यावरून कळते. खरी उलाढाल आणि ओपन इंटरेस्ट पाहायचा असेल तर त्या चलनाचे बाजारात नोंदलेले वायदे पाहावेत.

प्रश्न : ऑप्शनमध्ये ज्या स्ट्राइक भावाला सर्वाधिक ओपन इंटरेस्ट असतो, तिथेच मुदतीच्या दिवशी भाव खेचला जातो, असे सांगितले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : थोडे आहे. ऑप्शन म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क; तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक भाव. सोफी नी, नील पिअर्सन आणि अ‍ॅलन पोटेशमन यांना २००५ मध्ये आढळले की ज्या शेअरवर ऑप्शन उपलब्ध आहेत, त्यांचे भाव मुदतीच्या दिवशी स्ट्राइक भावांजवळ नेहमीपेक्षा अधिक वेळा बंद होतात. त्याचे एक कारण यांत्रिक आहे. ज्यांच्याकडे विकत घेतलेले ऑप्शन आहेत आणि जे शेअर घेऊन-विकून आपला धोका रोज समतोल ठेवतात, त्यांना भाव स्ट्राइकच्या वर गेला की शेअर विकावे लागतात आणि खाली आला की घ्यावे लागतात. पण हेच लोक ऑप्शन विकून बसले असतील तर त्यांचे व्यवहार नेमके उलटे होतात आणि भाव स्ट्राइकपासून दूर ढकलला जातो. ओपन इंटरेस्टचा आकडा त्यांच्याकडे ऑप्शन घेतलेले आहेत की विकलेले, हे सांगत नाही. म्हणून केवळ सर्वांत मोठा आकडा पाहून त्या भावावर पैसे लावणे मला अयोग्य वाटते.

प्रश्न : हे सारे वाचून मला स्वतःच्या बाजारात हे आकडे उपयोगी आहेत का ते पडताळायचे आहे. कसे करावे?

उत्तर : ही इच्छा मला फार मोलाची वाटते. निदान पाच वर्षांचे रोजचे भाव, उलाढाल आणि सर्व महिन्यांचा मिळून ओपन इंटरेस्ट एका तक्त्यात घ्यावा. नियम आधी लिहून काढावा आणि नंतर तो बदलू नये. आकडे पाहून नियम सुधारत गेल्यास शेवटी असा नियम हाती येतो जो मागील काळाला नेमका बसतो आणि पुढील काळात चालत नाही. त्यासाठी अर्धी वर्षे बाजूला ठेवून त्यांच्यावर शेवटी एकदाच परीक्षा घ्यावी. नियमाची तुलना काहीच न करण्याशी करू नये. केवळ भावाचा कल पाहून सौदा करणाऱ्या साध्या नियमाशी करावी, म्हणजे उलाढाल आणि ओपन इंटरेस्ट यांनी स्वतःहून किती भर घातली ते दिसेल. दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर वजा करावे. महिने जोडून केलेल्या सलग आलेखात एका करारावरून दुसऱ्यावर जाताना भावात जी उडी दिसते, ती कोणाचाही नफा किंवा तोटा नसतो. ती दुरुस्त करून घ्यावी.

आणि एक चूक, जी मी सुरुवातीच्या काळात स्वतः केली आणि जिच्यामुळे माझे निष्कर्ष कितीतरी महिने खोटे चांगले दिसत राहिले. अनेक बाजारांत उलाढाल व्यवहार चालू असतानाच दिसते, परंतु ओपन इंटरेस्टचा अंतिम आकडा क्लिअरिंग, म्हणजे दिवसाच्या व्यवहारांची जुळणी व हिशेब, पूर्ण झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर होतो. तक्त्यात मात्र दोन्ही आकडे एकाच तारखेसमोर छापलेले असतात. सोमवारच्या ओळीतील ओपन इंटरेस्ट वापरून सोमवारच्या बंद भावाला सौदा केला असे पडताळणीत धरले, तर जी माहिती हातात नव्हती ती वापरल्यासारखे होते. ओपन इंटरेस्टचा रकाना एक ओळ खाली सरकवावा, सौदा मंगळवारी बाजार उघडल्यानंतरच्या भावाला धरावा आणि मगच बेरीज करावी.